फासा कधी टाकायचा, कधी हातात धरून बसायचं? फँटसी रोल-प्लेइंग खेळांतल्या कौशल्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी दुपारी तीनला सांगलीत विश्रामबागेतल्या एका गच्चीवरच्या खोलीत आमचं टेबल बसतं. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात आणि काही अडलं की फासा टाकतात, असा हा खेळ. टेबल म्हणायचं, असते सतरंजी. मधे भडंगाची परात, कडेला वह्या-पेन्सिली आणि तीन-चार रंगांचे फासे. नवा कोणी आला की पहिल्या तासाभरात तेच प्रश्न येतात, आणि बहुतेक कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरच्या, स्किल्सबद्दल असतात. हे आकडे कशाला? मी कधी टाकू? ठरवणार कोण? तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रम विचारपूर्वक लावलेला नाही. जे जास्त छळतं त्याचं उत्तर लांब आहे.

कौशल्य म्हणजे नेमकं काय? ताकद, चपळाई वगैरे शीटवर आहेच की.

सांगलीकराला हे कुस्तीच्या भाषेत लवकर कळतं. ताकद म्हणजे अंगातला जोर, कौशल्य म्हणजे डाव. जोर खुराकाने येतो, डाव वस्तादाकडूनच शिकावा लागतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डी अँड डी) या खेळात सहा मूळ गुण असतात. आम्ही त्यांना ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज आणि छाप म्हणतो. कौशल्यं त्यांच्या वर बसतात.

समजा तुमच्या चोराची चपळाई १६ आहे. तिचे मिळतात ३. चोरपावलांनी चालणं तो शिकलेला आहे, पहिल्या पातळीला त्याचे २. म्हणजे विसाच्या, वीस बाजूंच्या, फाशावर जे पडेल त्यात ५ मिळवायचे आणि ती बेरीज सूत्रधाराने मनात धरलेल्या आकड्याला पोचते का बघायचं. त्या आकड्याला डीसी म्हणतात. यंत्रणा एवढीच. बाकी सगळी भांडणं 'कधी' आणि 'किती' यांवर आहेत.

फासे आहेत म्हणजे हा जुगार का?

हा प्रश्न खेळणाऱ्यांचा नसतो, त्यांच्या आयांचा असतो. नाही हो काकू, पैसे लावत नाही. उशिरा येणाऱ्याने भडंग आणायचं, इतकीच काय ती देवघेव.

सूत्रधार का म्हणता? सगळे डीएम, डंजन मास्टर म्हणतात.

म्हणा की डीएम, कोणी अडवलंय! पण आपण राहतो नाट्यपंढरीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्या नाटकांत सूत्रधार पद्यातून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं त्या त्या वेळी स्वतःच करायची, लिहून दिलेली नसायची. राक्षस तलवारी परजत यायचे, ते वेगळंच. आमच्या सतरंजीवर याहून वेगळं काय चालतं? एक जण कथा धरून ठेवतो, बाकीचे आपलं बोलणं आपण आणतात. फासे तेवढे नवे.

पहिल्यापासून कौशल्यं होती का?

नव्हती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डी अँड डी काढलं तेव्हा तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि त्यांत कौशल्यांची यादीच नव्हती. खड्डा आहे का बघायचं? काठी आपटत चालतो असं सांगा. दार उघडायचं? कसं ते सांगा. पुढच्या वर्षी, १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत चोर हा पात्राचा नवा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर टक्क्यांत मोजलेली कामं आली: कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, आवाज न करता चालणं, सावलीत लपणं.

इथून जो घोळ सुरू झाला तो अजून निस्तरलेला नाही. चोराकडे लपण्याचे टक्के आहेत, मग इतरांनी लपायचंच नाही का? कालपर्यंत सगळेच लपत होते की! एखादी गोष्ट एकाच्या शीटवर लिहिली की ती बाकीच्यांच्या हातातून निसटते. कौशल्यांची यादी करायला बसलेल्या प्रत्येकाने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

मग गाडी वेगात निघाली. १९७७ च्या ट्रॅव्हलरने, तो अंतराळातला खेळ, पात्राचं पूर्वायुष्य फाशांवर घडवून त्यातून कौशल्यं दिली. त्यात खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरू शकायचं. आमच्याकडे हे सांगितलं की अजून लोक हसतात. १९७८ च्या रूनक्वेस्टने वर्गच काढून टाकले, प्रत्येकाला टक्क्यांतली कौशल्यं. १९८६ च्या गर्प्सने यादी शेकड्यांवर नेली. डी अँड डी मात्र रेंगाळलं: १९८५ मध्ये ओरिएंटल अॅडव्हेंचर्समधून शस्त्रांपलीकडची कसबं आली, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती ऐच्छिकच होती. खरी मांडणी २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली. २००८ च्या चौथीत १७ कौशल्यं उरली, २०१४ च्या पाचवीत १८.

मग फासा टाकायचा तरी कधी?

हा खरा प्रश्न. माझी एक फजिती सांगतो.

सूत्रधार होऊन मला दोन-तीन महिने झाले होते. एक ओसाड वाडा, त्याच्या देवघराखाली भुयार, आणि पुढची सगळी गोष्ट त्या भुयारात. मी म्हटलं, तपासाचा फासा टाका, डीसी १५. पाच जणांनी टाकला, पाचही आपटले. झालं! भुयार सापडल्याशिवाय माझ्याकडे सांगायला काही नाही आणि त्यांच्याकडे करायला काही नाही. चाळीस मिनिटं वाड्यात भटकले. शेवटी मीच एक मांजर त्या फटीतून बाहेर काढलं. कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं.

आता तोच वाडा परत आला तर असं होतं:

"मी तपास करतो."

"कुठं?"

"वाड्यात."

"वाड्यात कुठं रे? हात कुठं घालतोस?"

"देवघरात. समई उचलून बघतो."

समईखालची फरशी हलते असं माझ्या वहीत लिहिलेलंच आहे. त्याने समई उचलली, फरशी हलली. फासा कशाला?

तेव्हापासून फासा मागण्याआधी मी मनात दोन गोष्टी तपासतो. हे होऊ शकतं आणि नाहीही होऊ शकत, असं खरंच आहे का? आणि नाही झालं तर काही घडणार आहे का? पहारेकरी वळेल, दोर तुटेल, दिव्यातलं तेल संपेल, काहीही. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच दान. वेळ भरपूर आणि धोका शून्य असेल तर कुलूप उघडलं म्हणून मोकळं व्हावं. तिसऱ्या आवृत्तीत यासाठी 'टेक ट्वेंटी' असा नियमच होता: वीसपट वेळ घ्या आणि वीस पडले असं समजा. नियम गेला, त्यामागची अक्कल ठेवा.

मग माझे तपासाचे ७ वाया गेले का? समई तर कोणीही उचलेल.

हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही जास्तीचं भडंग देतो, कारण तक्रार खरी आहे. खेळाडूची हुशारी सगळं उघडत असेल तर पात्राच्या कौशल्यावर पॉइंट का खर्च करायचे? जुन्या वळणाचे लोक म्हणतात, करूच नका, डोकं वापरा. नव्या वळणाचे म्हणतात, माझं डोकं चालत नाही म्हणून तर बुद्धिमान मांत्रिक घेतला.

आमची तडजोड अशी. समई कोणीही उचलली तरी फरशी हलेल. पण ज्याच्या शीटवर तपासाचे ७ आहेत त्याला मी न विचारता आणखी सांगतो: बिजागरीला ताजं तेल आहे, धुळीवर एकाच पायाचे ठसे आहेत, माणूस लंगडत असावा. फासा नाही. कौशल्याने दार उघडत नाही, दाराबद्दल जास्त कळतं. २००७ पासूनच्या गमशू पद्धतीच्या तपासाच्या खेळांत हाच गाभा आहे: योग्य जागी योग्य कौशल्य घेऊन पोचलात तर धागा मिळणारच, त्यासाठी दान टाकायचं नाही. ते खेळ बहुतेक फँटसीचे नाहीत, पण नियम उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

डीसी किती धरायचा? सूत्रधार मनाला येईल तो आकडा सांगतो.

पाचव्या आवृत्तीची पट्टी ५ ने चढते: फार सोपं ५, सोपं १०, मध्यम १५, कठीण २०, फार कठीण २५, जवळपास अशक्य ३०. आमच्या वहीत फक्त १०, १५ आणि २० असतात. त्यांच्या मधले आकडे काढत बसलं की नुसता हिशेब होतो, टेबलावर फरक पडत नाही.

महत्त्वाचं म्हणजे आकडा आधी सांगा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून तर लोक वेळेवर सामान माळ्यावर चढवतात. आकडा माहीत असला की माणूस शहाणपणाने वागतो. सूत्रधाराने तो मुठीत झाकून ठेवला आणि फासा पडल्यावर चेहरा बघून ठरवला, की खेळाडूंना वास येतोच. अपवाद एकच: जिथे आकडा कळला की गुपित फुटतं, तिथे झाका.

विसाचा एक फासा, शंभराचा, दोन सहाचे, तीन सहाचे: फरक काय पडतो?

बराच पडतो. थोडा हिशेब सोसा.

विसाचा फासा सपाट आहे. १ काय, ११ काय, २० काय, प्रत्येकाची शक्यता सारखीच, शंभरात पाच. म्हणून त्यात धक्के जास्त. समजा एका जुन्या मंत्राबद्दल विचारलं. मांत्रिकाचे आहेत अधिक ५, आणि आयुष्यात पोथी न उघडलेल्या पैलवानाचे उणे १. दोघांनी टाकला तर पैलवान मांत्रिकाच्या वर जाण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के निघते. चारांतून एकदा, म्हणा. पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्यांदा झालं की मांत्रिकवाला शीट खाली ठेवतो.

हाच सहाचा फरक ठेवून तीन सहाचे फासे टाकले तर ते प्रमाण सहा टक्क्यांवर येतं, कारण तीन फाशांची बेरीज मधेच, दहा-अकराच्या आसपास गोळा होते. गर्प्स तीन फासे वापरतो ते त्यासाठी. त्यात कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा खाली पडायला हवं. १२ चं कौशल्य असेल तर शंभरात ७४ वेळा जमतं.

शंभराचा फासा, म्हणजे दहाचे दोन, रूनक्वेस्टमध्ये, १९८१ च्या कॉल ऑफ कथुलूमध्ये आणि १९८६ च्या वॉरहॅमर फँटसीमध्ये आहे. नवख्याला हा सगळ्यांत लवकर कळतो. पोहणं ६५ टक्के, म्हणजे ६५ किंवा खाली. दहावीचे मार्क ज्याने पाहिलेत त्याला काही समजवावं लागत नाही.

दोन सहाचे फासे २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डने गाजवले, फँटसीत ते २०१२ च्या डंजन वर्ल्डमधून आले. १० किंवा वर आलं तर छान जमलं. ७ ते ९ आलं तर जमलं, पण किंमत मोजून. ६ किंवा खाली आलं तर सूत्रधाराची पाळी. फाशांच्या बेरजेत वरून काही मिळवायचं नसेल तर ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा किंमतवालं आणि १५ वेळा आपटी. ते मधले १५ म्हणजे खेळाचा प्राण.

विसाच्या फाशावरच खेळायचं असेल तर पैलवानाचा बंदोबस्त सोपा आहे. जे शिकल्याशिवाय येऊच शकत नाही, ते न शिकलेल्याने टाकायचंच नाही. पोथी वाचता येत नाही म्हणजे येत नाही.

टाकून आपटलो. परत टाकू का?

नाही. एकदा पडलं ते दान परिस्थिती बदलेपर्यंत धरायचं. बर्निंग व्हील या खेळात हा नियम नाव देऊन सांगितलाय. बाकी घरीही सारीपाटात आजी दुसऱ्यांदा कवड्या टाकू देत नव्हती.

आपटलं की गोष्ट थांबते. मग काय?

आपटणं म्हणजे 'काही झालं नाही' असं धरलं की थांबते. आपटणं म्हणजे 'काहीतरी वेगळं झालं' असं धरा. कुलूप उघडलं, पण आत मोडलेली तार राहिली, सकाळी कोणालाही दिसेल. भिंत चढलास, पण पिशवी खाली पडली आणि त्यात नकाशा होता. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत याच्या पायऱ्याच आहेत: डीसीपेक्षा १० किंवा जास्त वर गेलात तर जोरदार यश, १० किंवा जास्त खाली पडलात तर जोरदार आपटी, मधे साधं यश आणि साधी आपटी.

आमचं आवडतं हत्यार दुसरं आहे. ब्लेड्स इन द डार्क या २०१७ च्या खेळात संकट मोजायला एक वर्तुळ काढतात, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतात आणि आपटी बसली की भाग रंगवतात. त्याला ते क्लॉक म्हणतात. आम्ही वर्तुळ काढत नाही, उभी पट्टी काढतो, पुलाच्या खांबावर असते तशी.

गेल्या पावसाळ्यातल्या खेळाचं सांगतो. एक नदीकाठचं गाव, मठाच्या तळघरात अडकलेली माणसं, आणि चढतं पाणी. मी वहीच्या कागदावर पट्टी आखली, ४० वर रेघ, ४५ वर जाड रेघ, सतरंजीच्या मधोमध ठेवली. प्रत्येक चुकलेल्या दानाला दोन फूट. दोरीची गाठ सुटली, दोन फूट. म्हातारीला समजावताना पुजाऱ्याची जीभ अडखळली, दोन फूट. पट्टी ४३ ला आली तेव्हा खोलीत कोणी भडंगाला हात लावत नव्हतं. त्या टेबलावरच्या दोघांच्या घरात २०१९ च्या ऑगस्टात पाणी शिरलं होतं, पुलाखाली ५७ फूट झालं होतं तेव्हा. मी अर्ध्यात विचारलं, थांबूया का? एक जण म्हणाला, "थांबतोस कशाला लगा, टाकू दे मला." त्याच्या नावाड्याचं दान पडलं १७. माणसं वर आली. असा विषय काढताना आधी विचारावं हे मात्र त्या दिवशी मी शिकलो. खेळ सुरू करताना विचारायला हवं होतं, ४३ फुटांवर नाही.

बोलण्याची कौशल्यं मला पटत नाहीत. मनवायचं असेल तर बोलून दाखवायला नको का?

टेबलावर दोन तऱ्हेची माणसं असतात. आमच्यात एक फार्मसीची विद्यार्थिनी आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही, आणि तिने घेतलाय दरबार गाजवणारा शाहीर. दुसरा वकिली शिकतो. त्याच्या पैलवानाची छाप ८, म्हणजे उणे १, पण स्वतः बोलायला लागला की किल्लेदार चाव्या काढून देईल. बोलून दाखवाच म्हटलं तर तिचा शाहीर मुका आणि त्याचा पैलवान वक्ता. नुसता फासा टाका म्हटलं तर कोणी काही बोलतच नाही, "मनधरणी, १८" एवढंच.

म्हणून बोलण्याची कला मागत नाही, मुद्दा मागतो. किल्लेदाराला काय सांगतेस? तिने इतकंच सांगितलं, "त्याचा मुलगा आमच्या छावणीत सुखरूप आहे, हे सांगते." पुरे. मुद्दा इतका नेमका की डीसी १५ वरून १० वर. पुढे तिच्या शाहिराचे ७ आहेतच. वकिलाने पाच मिनिटं सुंदर भाषण केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, पण त्यात किल्लेदाराच्या कामाचं काही नव्हतं, म्हणून डीसी १५ चा १५ आणि त्याचे उणे १. त्याला राग आला होता. भडंग खाऊन शांत झाला.

आणखी एक. मनधरणीचं कौशल्य म्हणजे वशीकरण नाही. २० पडले म्हणून राजा राज्य देत नाही. फार तर हसतो आणि मुंडकं धडावर ठेवून परत पाठवतो.

२० पडले की काम झालंच ना?

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत हल्ल्याला होय, कौशल्याला नाही. बेरीज कमी पडली तर २० पडूनही आपटता. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत २० पडले की एक पायरी वर चढता. बरीच टेबलं २० ला सरळ यश देतात. चालतं, पण मग अशक्य गोष्टीसाठी फासा टाकूच देऊ नका.

सगळेच नजर टाकतात, एकाला तरी दिसतंच. आणि सगळे लपतात, एक तरी सापडतोच.

बरोबर पकडलंत. लपण्यात प्रत्येकाचं यश ७० टक्के असलं तरी चौघांनी मिळून निसटायची शक्यता २४ टक्केच राहते. चोराने शिकलेलं सगळं चिलखतवाल्याच्या खणखणाटात वाया. पाचव्या आवृत्तीतला गटाचा नियम वापरा: सगळ्यांनी टाकायचं, निम्मे किंवा जास्त जमले तर गट निसटला. म्हणजे चोर चिलखतवाल्याला दबकत कसं चालायचं ते दाखवत नेतोय, असं चित्र उभं राहतं.

नजरेचं उलट. तिथे पाच जणांनी टाकलं की कोणाचं तरी मोठं पडणारच. म्हणून आपणहून काही शोधत नसतील तेव्हा फासा नको. दहात कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि तो सूत्रधाराने गुपचूप ताडून बघायचा. याला पॅसिव्ह परसेप्शन म्हणतात. सगळ्यांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, दर दहा मिनिटांनी "नजर टाका" असं ओरडायची वेळ येणार नाही.

मदतीचं म्हणाल तर एकाने दुसऱ्याला मदत केली की दोन फासे टाकून मोठा धरायचा. अधिक ५ आणि डीसी १५ असेल तर ५५ टक्क्यांचे जवळपास ८० होतात. मात्र मदत म्हणजे काय करतोस, तेही सांगायचं. "मी पाठीशी आहे" चालत नाही.

यादी किती लांब असावी?

छोटी. तिसऱ्या आवृत्तीत ऐकणं वेगळं, बघणं वेगळं, शोधणं वेगळं होतं. लपणं आणि आवाज न करता चालणं हीसुद्धा दोन कौशल्यं, म्हणजे एका दबकण्याला दोन दानं आणि ७० टक्क्यांचे ४९. दोरीला गाठ मारायचं तर स्वतंत्र कौशल्य होतं. वाचायला मजा येते, खेळताना जीव जातो.

यादी पाहिली की खेळ कशाबद्दल आहे ते कळतं. पाचव्या आवृत्तीत बुद्धी आणि समज यांची पाच-पाच कौशल्यं आहेत, ताकदीचं एकच आणि दमाचं एकही नाही. मग पुरात तासभर पोहणारा दमदार माणूस काय टाकणार? तिथे अॅथलेटिक्स, ज्यात पोहणं येतं, ते ताकदीऐवजी दमाबरोबर जोडावं, पुस्तकातच तशी मुभा आहे. ती कोणी वाचत नाही.

मराठीत खेळायचं तर नावं काय द्यायची?

यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवलाय. शब्दकोशातली नावं घेऊ नका. 'अवबोधन' म्हटलं की समोरचा शीट मिटतो. आमची यादी अशी झाली: परसेप्शन म्हणजे नजर, इनसाइट म्हणजे पारख, स्टेल्थ म्हणजे चोरपावलं, स्लाइट ऑफ हँड म्हणजे हातचलाखी, डिसेप्शन म्हणजे थापा, इंटिमिडेशन म्हणजे दमदाटी, पर्स्वेजन म्हणजे मनधरणी, सर्व्हायव्हल म्हणजे रानवाट, अर्काना म्हणजे मंत्रविद्या. इन्व्हेस्टिगेशनला तपास. अॅथलेटिक्सला 'कसरत' ठेवलं, पण सगळे अॅथलेटिक्सच म्हणतात, जाऊ दे.

नाव बदललं की वागणंही बदलतं, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. 'डिसेप्शन' होतं तोवर लोक गंभीरपणे फसवायचे. 'थापा' झाल्यावर अशा काही रंगवून सांगायला लागले की राक्षसांनाही पटाव्यात.

यादीत नसलेलं कौशल्य मला हवंय. चालेल?

चालेल, पण ते जगलेलं असू दे. २०१३ च्या थर्टीन्थ एज या खेळात यादीच नाही. आठ पॉइंट मिळतात आणि ते आपल्या पूर्वायुष्यावर वाटायचे, एका गोष्टीवर जास्तीत जास्त पाच. 'हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो' ५ आणि 'पुरात नाव चालवली' ३, झालं पात्र. मालाची पारख, हिशेबातली लबाडी, व्यापाऱ्यांची बोली, सगळं त्या दिवाणजीत आलं. एका पोरीने लिहिलं होतं, 'सतार बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली.' मिरज शेजारीच आहे, तिला ते काम पाहून माहीत. त्या दिवशी खजिन्यातला वाळका भोपळा आतून पोकळ आहे की भरलेला, हे तिने टिचकी मारून सांगितलं. फासा मागायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

कौशल्य वाढतं कसं?

डी अँड डीमध्ये पातळीबरोबर आपोआप: सुरुवातीचे २ सतराव्या पातळीला ६ होतात. सोयीचं आहे, थोडं कोरडं आहे. रूनक्वेस्टमध्ये खेळताना कौशल्य यशस्वी वापरलं की त्यापुढे खूण करायची, आणि मोहीम संपल्यावर शंभराचा फासा टाकायचा. आत्ताच्या आकड्याच्या वर पडला तरच वाढ. म्हणजे ३० वाला भराभर शिकतो आणि ९० वाला मुंगीच्या पावलांनी. तालमीत, गाण्यात, सतारीच्या कारखान्यात असंच तर होतं. बर्निंग व्हील आणखी पुढे जातो, तिथे वाढायला अवघड कामं अंगावर घ्यावी लागतात.

सुरुवात कशाने करू? पुस्तकं महाग आहेत.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहेत, सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट या नावाने. फासे नसतील तर डब्यात १ ते २० च्या चिठ्ठ्या टाका. काढलेली चिठ्ठी परत टाकायला विसरू नका. एकदा विसरलो होतो, तासाभराने सगळ्यांना नुसते १८-१९ च पडायला लागले.

शीट हरवली तर?

झालंय. एकाची वही बसमध्ये राहिली, वर्षभराचं पात्र त्यात. तो रडकुंडीला आला होता. आम्ही कोरा कागद घेतला आणि बाकीच्यांना विचारलं, याला काय काय येतं? "पोहता येतं, मठात म्हातारीला यानेच बाहेर काढलं." "थापा नाही येत, जकातनाक्यावर आपण याच्यामुळंच सापडलो." "घोड्याची भीती वाटते." "समई उचलून बघतो." अर्ध्या तासात शीट भरली. दोन महिन्यांनी वही मिळाली, दिवाणावरच्या गादीखाली होती, बसमध्ये गेलीच नव्हती. ताडून पाहिलं तर सात कौशल्यांपैकी सहा जुळली. सातवं होतं मंत्रविद्या. ते त्याने एकदाही वापरलं नव्हतं, त्यालाही आठवत नव्हतं. ते तसंच खोडून टाकलं.